मदत हवी आहे: गुराबेच्या नाळेवरच्या तोफांचं वजन कसं पेलायचं?

नमस्कार मंडळी,

आंग्र्यांच्या आरमारातल्या दोन डोलकाठ्यांच्या गुराबेची, म्हणजे उथळ तळाच्या लढाऊ जहाजाची, १:४८ प्रतिकृती करायला घेतली आहे. नुसती कपाटात ठेवायला नकोय, पाण्यात सोडल्यावर ती खऱ्या गुराबेसारखी बसली पाहिजे. १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या लढाईत आंग्र्यांचं आरमार जळालं, त्यामुळे आराखडा जुन्या वर्णनांवरूनच काढलाय: मोठी गुराब तीनशे टनांपर्यंत, मी दीडशेची धरली आहे. तळ उथळ, मध्ये रुंद, पुढे निमुळती होत गेलेली लांब नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. समोर तोंड केलेल्या दोन तोफा, नऊ ते बारा पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या), आणि दोन्ही बाजूंना त्याहून हलक्या.

समोर तोफा का, हे आता पटलंय. बाजूची तोफ उडाली की धक्का आडवा बसतो आणि हलकं जहाज कलतं. समोरच्या तोफेचा धक्का पठाणाच्या, म्हणजे तळाच्या लांब कण्याच्या, रेषेत जातो. नेम धरायला मात्र अख्खं जहाज वळवावं लागतं. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबेला ओढून नेत. फार विचारपूर्वक केलेली रचना आहे ही!

अडचण वजनाची आहे. नऊ पौंडी दोन तोफा गाड्यांसकट तीनेक टन होतात, आणि नेमक्या जिथे जहाज सर्वांत अरुंद तिथेच. माझ्या आराखड्यात नाळेकडची बाजू मागच्यापेक्षा जवळजवळ वीतभर खाली बसते. वर डोलकाठी पुढे झुकलेली, म्हणजे शीड भरलं की नाळ आणखी दबणार. मागे दगडांचं नीरम (तोल सांभाळायचं वजन) टाकलं तर एकूणच जहाज खोल बसतं, मग खाडीत शिरणार कसं?

स्वीडनमध्ये चॅपमन या जहाजरचनाकाराने तोफनौकांवर २४ पौंडी तोफा रुळांवरून आत सरकवायची सोय केली होती. प्रवासात त्याच तोफा नीरमाचं काम करत. आपल्याकडे असं केल्याचं माझ्या वाचनात नाही, म्हणून उगाच घालणार नाही.

मला वाटतं उत्तर तळाच्या आकारातच आहे: नाळेच्या मागे लगेच पोट फुगवलेलं असावं. कोकणात ज्यांच्या घरी मचवे, पडाव बांधले जात, त्यांनी कृपया सांगा: सर्वांत रुंद वाक (जहाजाची आडवी बरगडी) मधोमध बसवत की पुढे? पाण्याची पिंपं आणि गोळे कुठे ठेवत? हाताने काढलेली रेघही चालेल.

पठाणाचं लाकूड अजून कापलेलं नाही, म्हणून आत्ताच विचारतोय.