डीएनएस बदलला तर घरचं नेट खरंच फास्ट होते का?

कास्तकार_दर्यापूर:
राजेहो, एक विचारायचं होतं. गावात फायबर आलं, ४० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, स्पीड टेस्ट केली का ३५-३८ दाखवते पण साइट उघडाले लय टाइम लागते, नुसतं गोल गोल फिरत राह्यते अन् मंग एकदम सगळं पेज येऊन जाते. योजनेचा फॉर्म भरू म्हटलं तर पहिल्याच पानावर जीव जाते. भाचा म्हणते डीएनएस १.१.१.१ टाक, नेट डबल होते. खरं हाय का? राउटरमंधी काही उलटंसुलटं झालं तर केबलवाला लवकर फिरकत नाई.

वायरमन_पोट्टा:
डबल-बिबल काही होत नाई भाऊ, ४० चा प्लॅन ४० च राहीन. डीएनएस फक्त साइटच्या नावावरून तिचा आयपी, म्हणजे आकड्यातला पत्ता, काढून देते, तो भेटला का त्याचं काम संपलं, पुढचा डेटा त्याच्यातून येतच नाई. पण आधी अडकते अन् मंग भसकन येते म्हणता ना, ते कंपनीचा डीएनएस स्लो असल्यावर होते, म्हणून करून पाहाले हरकत नाई, फुकट हाय. राउटरले हात नका लावू आत्ताच. अँड्रॉइड ९ च्या पुढचा फोन असन तर सेटिंगमंधी प्रायव्हेट डीएनएस सापडन, तिथं आकडे चालत नाई, नाव टाका लागते. गूगलचं डीएनएस डॉट गूगल, १.१.१.१ वाल्या क्लाउडफ्लेअर कंपनीचं वन डॉट वन डॉट वन डॉट वन, इंग्रजी अक्षरात, डॉटच्या जागी टिंब. नाई जमलं तर परत ऑटोमॅटिक करून टाका.

तुरीचं_वरण:
मी तर म्हणतो आधी राउटर कुठं ठेवला ते पाहा. आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंती हातभर जाड, राउटर माजघरात अन् आम्ही ओसरीत, वायफायचा ५ गीगाहर्ट्झवाला सिग्नल तिथवर पोचतच नाई, २.४ वर टाकलं तेव्हा कुठं चाललं. अन् रोजच्या साइटचा आयपी फोन थोडा वेळ लक्षात ठेवते, तिथं डीएनएस बदलून फरक काय घंटा दिसन. शेवटच्या तारखेले तिकडचा सर्वरच झोपला असन तर कोणताही आकडा टाका, फॉर्म हलत नाई.

नागपूरकर_हॉस्टेल:
एक राहिलं. १.१.१.१ हा तुमचं नेटवर्क कुठलं ते पुढच्या साइटला सांगत नाही, प्रायव्हसीसाठी, त्यामुळे कधी कधी व्हिडिओ लांबच्या सर्वरवरून येतो. गूगलचा ८.८.८.८ बऱ्याच साइटला अंदाज देतो. दोन्ही वापरून बघा, आपल्या लाइनवर जो चांगला चालेल तो.

कास्तकार_दर्यापूर:
गूगलवालं टाकलं मोबाइलमंधी. बातम्यांच्या साइट टपकन उघडून राहिल्या, फॉर्म मात्र हाय तसाच. आता टीव्हीचं काय करू, त्याच्यात तो ऑप्शनच दिसत नाई.

वायरमन_पोट्टा:
काही टीव्हीत नेटवर्क सेटिंगमंधी हातानं टाकता येते, तिथं ८.८.८.८ अन् दुसऱ्या खान्यात ८.८.४.४. नाई तर राउटरच्या डीएचसीपीमंधी (घरातल्या फोन-टीव्हीले राउटर पत्ते वाटते ती सेटिंग) टाका लागन, पण जुन्या आकड्याचा आधी फोटो काढून ठेवा. अन् आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) चालू असन तर त्याचा डीएनएस येगळा बदलावा लागते, नाई तर फोन-टीव्ही जुन्यालेच विचारत बसते.