मदत हवी आहे: चर्टमधल्या दोनपेशी बीजाणूला रंध्र आहे की नाही, कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रकल्पासाठी मध्य प्रदेशातल्या मोहगाव कलानचा चर्ट (सिलिकाचा कठीण, जीवाश्म असलेला दगड) घेतलाय. दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. काचेवर कार्बोरंडमने (घासायची कठीण पूड) घासून पातळ काप केले. बघायची होती मुळं, पण मुळाच्या एका पेशीतच बुरशीचे तीन बीजाणू सापडले. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

रंग गडद तपकिरी, भिंत गुळगुळीत, दोन पेशी, मधल्या पडद्याशी किंचित आवळलेले. लांबी ३४ ते ३८ मायक्रॉन, रुंदी १५ च्या आसपास. (आयपीसची पट्टी स्टेज मायक्रोमीटरवर जुळवून घेतलीय.) दगडाच्या आत, पेशीच्या भिंतीआड आहेत, म्हणजे हवेतून येऊन बसलेली आजची बुरशी नव्हे.

अडलंय ते टोकाशी. दोन्ही टोकांना रंध्र (भिंतीतलं बारीक छिद्र) असेल तर डायाडोस्पोराइट्स, कुठेच नसेल तर डायसेलीस्पोराइट्स (ही जीवाश्म बीजाणूंच्या प्रजातिगटांची नावं), एवढं वाचून कळलं. पहिल्या बीजाणूच्या दोन्ही टोकांना फिकट ठिपका आहे आणि फोकस हलवला की ठिपक्याभोवती गडद कडं उमटतं. दुसऱ्याच्या त्याच जागी भिंत फाटल्यासारखी, कड खडबडीत. तिसरा घासताना तिरपा कापला गेला, त्याचं एक टोकच उरलेलं नाही. जाड कडेचं ते खरं रंध्र आणि खडबडीत ती मोडतोड, असं मी धरून चाललेय. पण एकाच बीजाणूवर भिस्त ठेवायला मन धजत नाही.

चर्ट विरघळवून बीजाणू सुटे करायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. आमच्याकडचं फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर खेचणारं कपाट) बंद आहे, आणि त्याशिवाय त्या आम्लाला मी हात लावणार नाही. म्हणजे जे काही आहे ते कापातूनच बघायचं.

त्यात मार्गदर्शक म्हणतात, नवी प्रजाती म्हणून नाव देऊन टाक. मला ही घाई वाटते. २०१३ पासून बुरशीचं नवं नाव, जीवाश्माचं असलं तरी, नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो. शिवाय होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला बांधलेलं असतं तो एक नमुना, ठरवावा लागतो. तीन बीजाणू, त्यातला एक अर्धा, एवढ्यावर नाव द्यायचं?

पातळ कापात रंध्र ओळखायचा अनुभव कुणाला असेल तर कृपया सांगा: ते गडद कडं भिंतीच्या जाडीचं असतं की नुसत्या प्रकाशाचा खेळ? तिन्ही बीजाणूंचे वरच्या, मधल्या आणि खालच्या फोकसचे फोटो जोडलेत. दगडाचा अर्धा तुकडा अजून शिल्लक आहे, तो कोणत्या दिशेने कापावा तेही सुचवा.