नुसती दोन नावं पुरेशी नाहीत
‘फ्लॅटवर दोघांची नावं लावली की झालं’ असं सर्रास म्हटलं जातं. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांनी तेवढ्यावर थांबू नये. कोणी किती पैसे घातले याचा पुरावा नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ४५ नुसार हिस्से समान धरले जातात. खर्च ७०:३० असेल तर नोंदणीकृत करारनाम्यातच तसं लिहून घ्या, हप्तेही आपापल्या खात्यातून भरा.

मला जास्त काळजी वाटते ती मृत्यूनंतरची. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ मध्ये असा जोडीदार वारस नाही. मृत्युपत्र नसेल तर अविवाहिताचा हिस्सा रक्ताच्या नात्यांकडे जातो. सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे. दोघांनीही दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा, शक्यतो चावी हातात येण्याआधीच.