टकटक नेमकी कुठून येतेय?
गाडीच्या इंजिनातून टकटक आवाज मधूनच येतो आणि जातो म्हणताय, तर कुणी सुचवलंय तसं थेट टॅपेट सेट करायला (व्हॉल्व्ह आणि तो ढकलणाऱ्या भागातली फट जुळवायला) निघणं मला घाईचं वाटतं. आधी ऑइल बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने. पातळी फार खाली गेली असेल तर वळणावर किंवा ब्रेक मारताना पंप हवा ओढतो आणि हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबावर चालणारे, व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) वाजायला लागतात.

मग लय ऐका. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेरे) एका व्हॉल्व्हची टकटक सेकंदाला ६-७ वेळा. त्याच्या दुप्पट, जड आणि खालून येणारा ठोका असेल तर क्रँककडच्या बेअरिंगचा संशय घ्या. अशा वेळी (किंवा ऑइलचा दिवा लागला तर) चालवून बघू नका, टोचन करून न्या.

फक्त थंड इंजिनला येऊन गरम झाल्यावर गायब? एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) सांध्यापाशी काजळी दिसते का पाहा. तिथलं गॅस्केट (सांधा घट्ट बंद ठेवणारी चकती) लीक असेल तरी हुबेहूब टॅपेटसारखंच वाजतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ठिकठिकाणी टेकवून मूठ कानाला लावली की जागा सापडते. फिरत्या बेल्टपासून बाही तेवढी सांभाळा. इंजेक्टरची (इंधन फवारणाऱ्या भागाची) बारीक टिकटिक मात्र असायचीच.