मदत हवी आहे : बाबांना घेऊन न्यू जर्सीला फुटबॉल वर्ल्डकप बघायला जायचंय

चाफेकळी (डिसेंबर २०२५)

मंडळी, पुढच्या जूनमध्ये बाबांना घेऊन अमेरिकेत वर्ल्डकपला जायचं मनात आहे. आम्ही दोघंच, पार्ल्याहून. बाबा ७१ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. तरुणपणी मुंबईची फुटबॉलची हारवूड लीग खेळले. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कप सुरू झाला की ड्यूट्या बदलून घ्यायचे, हे आई अजून ऐकवते. ब्राझील सोडून दुसरा संघ त्यांना दिसतच नाही.

वर्ल्डकपच्या गटांचा ड्रॉ निघाल्यापासून घरात तीच चर्चा आहे. ब्राझील क गटात. १३ जूनला मोरोक्कोशी न्यू जर्सीत मेटलाइफ स्टेडियमवर, १९ जूनला हैतीशी फिलाडेल्फियात आणि २४ ला स्कॉटलंडशी मायामीत. पहिले दोन बघून परत यायचं असं मी ठरवलंय. मायामी खिशालाही झेपणार नाही आणि बाबांच्या गुडघ्यांनाही. मामेबहीण न्यू जर्सीतच एडिसनला असते, राहायची सोय तिच्याकडे.

आता अडलंय ते असं. दोघांकडेही अमेरिकेचा व्हिसा नाही. फिफाच्या तिकिटांच्या लॉटरीत अर्ज टाकायची मुदत १३ जानेवारी. तिकीट लागलं आणि व्हिसा नाकारला तर? आधी व्हिसा काढावा म्हटलं तर मुलाखतीची तारीख कधीची मिळेल याचा भरवसा नाही. ओळखीच्या एका एजंटने "तिकीट, व्हिसा, हॉटेल सगळं आमच्यावर सोडा" म्हणून जो आकडा सांगितला, तो ऐकून बाबा म्हणाले, एवढ्यात मी कूपरेज विकत घेईन.

एडिसनहून दोन्ही मैदानांवर जाणं-येणं कसं जमेल? बाबा सपाटीवर अर्धा तास चालतात, जिन्याला मात्र घाबरतात. कोणी आधीच्या वर्ल्डकपला रशियाला किंवा कतारला गेलं असेल तर त्यांनीही सांगा.

ढेरपोट्या

पहाटे साडेतीनला टीव्हीवर फुकट दिसेल की. गुडघे पण शाबूत राहतील.

चाफेकळी

टीव्हीवर बाबा १९८२ पासून बघतायत. 🙂 पुढचा प्रतिसाद कामाचा द्या प्लीज.

पोस्टाचा_पत्ता

चाफेकळी, तिकीट आधी की व्हिसा आधी हा गुंता यंदा थोडा सुटलाय. ज्यांनी फिफाकडून थेट तिकीट घेतलंय त्यांना व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लवकर मिळावी म्हणून 'फिफा पास' नावाची सोय नोव्हेंबरमध्ये जाहीर झाली. पण तारीख लवकर मिळते इतकंच. व्हिसा द्यायचा की नाही ते बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीच्या काउंटरमागचा माणूसच ठरवणार, आणि हातात तिकीट आहे म्हणून तो विरघळत नाही. म्हणून पुनर्विक्रीच्या किंवा एजंटच्या तिकिटाच्या नादी लागू नका, तिकीट थेट फिफाच्याच साइटवरून घ्या.

माझं मत : डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) आजच भरायला घ्या, माणशी १८५ डॉलर फी भरा आणि मिळेल ती तारीख धरून ठेवा. तिकीट लागलं तर ती अलीकडे आणायचं बघता येईल. फी परत मिळत नाही हे गृहीत धरा. मुलाखतीत गोष्ट लांबवू नका. "वडिलांना दोन सामने दाखवायचेत, बहिणीकडे राहणार, अमुक तारखेला परत." बाबांची पेन्शन, घराचे कागद, तुमच्या नोकरीचं रजेचं पत्र जवळ ठेवा, विचारलं तरच काढा. बहीण तिथे आहे हे लपवू नका, फॉर्मवर तो प्रश्न असतोच.

कांदेपोहे_एनजे

मी एडिसनजवळच राहतो, त्यामुळे हा भाग माझ्याकडे. :)

बहिणीचं घर एकदम मोक्याच्या जागी आहे. नॉर्थईस्ट कॉरिडॉर ही न्यू जर्सी ट्रान्झिटची लाइन तिथूनच जाते. मेटलाइफसाठी सेकॉकस जंक्शनला उतरायचं, तिथून मेडोलँड्सची गाडी थेट स्टेडियमच्या दारात सोडते. दादरला वेस्टर्न-सेंट्रल बदलतो तसंच, फक्त धक्के नाहीत. तिकडे "न्यूयॉर्कमध्ये राहा" असा सल्ला देणारे बरेच भेटतील, पण तुम्हाला मॅनहॅटनच्या हॉटेलात पैसे घालायची काहीच गरज नाही. बहिणीच्या नवऱ्याला "गाडीने सोडतो" म्हणू देऊ नका, प्रेक्षकांसाठी नेहमीसारखं पार्किंग यावेळी नसणार. सामन्याच्या दिवशीच्या गाड्यांचे नियम आणि भाडं वेगळं असू शकतं, मे महिन्यात नीट बघून घ्या. आणि तिकिटावर मेटलाइफ हे नाव शोधू नका. फिफा स्टेडियमना दिलेली प्रायोजकांची नावं चालू देत नाही, तिथे 'न्यूयॉर्क न्यू जर्सी स्टेडियम' असंच असेल.

फिलाडेल्फियाला दोन रस्ते. स्वस्तातला म्हणजे आमच्या लाइनने ट्रेंटनपर्यंत, तिथून सेप्टाची (फिलाडेल्फियाची वाहतूक सेवा) लोकल. आरामाचा म्हणजे एडिसनजवळच्या मेट्रोपार्क स्टेशनहून अ‍ॅमट्रॅकची लांब पल्ल्याची गाडी, तासाभरात थर्टिएथ स्ट्रीट स्टेशन. शहरातून ब्रॉड स्ट्रीट लाइन या मेट्रोने शेवटच्या एनआरजी स्टेशनला उतरलं की लिंकन फायनान्शियल फील्ड हे सामन्याचं स्टेडियम चालत जाण्यासारखं आहे. १९ चा सामना रात्रीचा आहे, त्या रात्री परत एडिसनला येण्याचा हट्ट करू नका. फिलीत एक रात्र खोली घ्या, आणि ती आत्ताच, रद्द करता येईल अशी. त्या दिवशी जूनटीन्थची (गुलामगिरी संपल्याच्या स्मरणाची) सुट्टी आहे, वार शुक्रवार. दर चढणारच.

साखरझोपेतली

कतारला आम्ही सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. तिथे सगळी स्टेडियम एकाच शहरात आणि आजूबाजूला, इथे ते सुख नाही. तिकिटाच्या अर्जात चालायला त्रास असणाऱ्यांसाठी आसनांचा वेगळा प्रकार असतो, तो बघा. डॉक्टरचं पत्र लागेल. विमान बुक करतानाच व्हीलचेअर मागा. "मी काय पेशंट आहे का" असं बाबा म्हणतीलच. म्हणू द्या. इमिग्रेशनच्या रांगेत त्यांनाच पटेल. प्रवासाचा विमा घेताना बीपी-शुगर आधीपासून असेल तर तसं लिहून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच पुढे येतं.

कांदेपोहे_एनजे

एक राहिलं. मेटलाइफला छप्पर नाही. आणि अमेरिकेत जवळपास वीज पडताना दिसली की खेळ थांबवतात, प्रेक्षकांना आत घेतात. २०२५ च्या क्लब वर्ल्डकपमध्ये शार्लटला चेल्सी-बेन्फिका सामना असाच जवळजवळ दोन तास रखडला. छत्री आत नेता येत नाही, पातळ रेनकोट ठेवा. पिशवी पारदर्शकच हवी. बाबांची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट.

कूपरेजचा_कोपरा

तांत्रिक मदत शून्य, पण राहवलं नाही. चाफेकळी, बाबांना सांगा की मेटलाइफच्या शेजारी आज जिथे पार्किंग आहे तिथे जायंट्स स्टेडियम होतं. पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबकडून तिथेच खेळायचा. सप्टेंबर १९७७ मध्ये तो ईडन गार्डन्सवर मोहन बगानशी खेळला, २-२, आणि आठवड्याभरात १ ऑक्टोबरला जायंट्स स्टेडियमवर निरोपाचा सामना. एक अर्धा कॉसमॉसकडून, एक त्याच्या जुन्या ब्राझीलमधल्या सांतोस क्लबकडून.

चाफेकळी

सगळ्यांचे आभार! कूपरेजचा_कोपरा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. आता त्यांना सामन्याआधी ते पार्किंग बघायचंय.

दोघांचे डीएस-१६० भरायला घेतलेत. लॉटरीत फक्त हेच दोन सामने टाकतेय. साठ डॉलरच्या तिकिटांची बातमी वाचून उड्या मारल्या होत्या, पण ती पात्र ठरलेल्या देशांच्या संघटनांमार्फत त्यांच्या चाहत्यांना जाणार. म्हणजे आपण त्यात नाही.

कार्डाबद्दल कोणाला माहीत आहे का? लॉटरी लागली की पैसे आपोआप कापतात म्हणे.

पोस्टाचा_पत्ता

हो, विचारत नाहीत. म्हणून जितके सामने परवडतील तितकेच टाका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून मर्यादा वाढवून ठेवा आणि फेब्रुवारीपर्यंत तशीच राहू द्या.

चाफेकळी

केलं. कांदेपोहे, शेवटचा प्रश्न : सेकॉकसला गाडी बदलताना जिने आहेत का?

कांदेपोहे_एनजे

स्टेशन दुमजली आहे, पण लिफ्ट आणि सरकते जिने दोन्ही आहेत. सामन्याच्या दिवशी लिफ्टला रांग असेल, तेव्हा एक-दोन गाड्या आधीची पकडा. तारखा पक्क्या झाल्या की माझ्या विचारपुशीत (विपू) लिहा.