रेणू-उत्प्रेरकांचा एवढा सोस कशाला?

खडूस: उन्हा-वाऱ्याची वीज इंधनात साठवायची, इथवर पटतं. पण त्यासाठी एकेक उत्प्रेरक रेणू (स्वतः न संपता क्रिया घडवणारा) घडवत बसायचं? वर्षात सेकंद असतात ३ कोटी १५ लाख. सेकंदाला एकच फेरी, म्हणजे एकदाच क्रिया घडवणं, धरली तरी वर्ष काढायला रेणूने ३ कोटींवर फेऱ्या टिकायला हवं. बहुतेक त्याच्या कितीतरी आधीच मान टाकतात. त्यापेक्षा धातूचा पत्रा बरा.

अणुरेणू: कुठल्या धातूचा? पाणी फोडायला वापरतात ते इरिडियम जगभरात वर्षाला जेमतेम ७-८ टन निघतं. उलट जिवाणूंमधलं हायड्रोजनेज हे विकर (एन्झाइम) साध्या लोखंडावर सेकंदाला हजारो वेळा हायड्रोजन बनवतं, कारण धातूला खेटून बसलेला अमाइन गट (नायट्रोजन असलेला अणूंचा गट) प्रोटॉन आणून देतो. तीच युक्ती उचलून केलेल्या निकेलच्या रेणूने २०११ साली सेकंदाला लाखावर फेऱ्या मारल्या. पत्र्यावर असा अमाइन कुठे टाचणार?

खडूस: लाखाचं कौतुक सगळे करतात. त्यासाठी ०.६ व्होल्टच्या आसपास जादा विद्युतदाब मोजावा लागला, हे कोण सांगणार? पाणी फोडायला मुळात १.२३ व्होल्ट पुरतात. म्हणजे निम्मी वीज वर उधळायची!

काचपात्र: दोघांचं चालू द्या, माझा अनुभव सांगतो. कोबाल्टचा एक रेणू घेऊन विद्युतप्रवाह सोडला. काय सुंदर आकडे! मग इलेक्ट्रोड बाहेर काढला, धुतला आणि रेणू नसलेल्या ताज्या द्रावणात बुडवला. प्रवाह तस्साच. नीट पाहिलं तर इलेक्ट्रोडवर काळपट थर. रेणू केव्हाच मोडला होता, काम त्याच्या राखेतला कोबाल्ट करत होता. तीन महिने पाण्यात. तेव्हापासून धुऊन पाहिल्याशिवाय कुणाच्या आलेखावर विश्वास ठेवत नाही.

खडूस: हेच म्हणतोय मी.

अणुरेणू: अहो, पण रेणू मोडला तर कुठला बंध तुटला हे शोधून तो बदलता येतो. पत्र्याचं काय बदलणार? कार्बन डायऑक्साइडपासून इंधन करायला तो विजेच्या जोडीने तांब्यावर सोडला की डझनभराहून जास्त पदार्थ निघतात, मग बसा निवडत. कोबाल्ट थॅलोसायनिनचे (कोबाल्टभोवती सपाट कडं असलेले) रेणू गठ्ठ्याने ठेवले तर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडच मिळतो. तेच कार्बन नॅनोट्यूबवर (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर) सुटे-सुटे बसवले तर मिथेनॉल, म्हणजे द्रव इंधन! रेणू तोच. पुढे त्याला अमाइन गट जोडले, तेव्हा १२ तास टिकला.

खडूस: १२ तास!! दिवससुद्धा नाही.

अणुरेणू: ऊन तरी कुठे जास्त असतं?

खडूस: बरं, हा गुण तुमचा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच रेणू कामावर येतो का, ते दाखवा. आणि हो, काचपात्र म्हणतात तसं धुऊन.