ओटीची (ऑक्युपेशनल थेरपीची) इंटर्नशिप सुरू होतेय, त्याआधी काय शिकून घेऊ?

साखळीकर_मुलगी:
नमस्कार, मी बीओटीच्या, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे, परीक्षा झाली की 6 महिन्यांची इंटर्नशिप. बार्थेल इंडेक्सचे (पेशंट रोजची कामं स्वतः किती करतो ते मोजायची यादी) 10 आयटम झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन, पण परवा पोस्टिंगला एका आजोबांना खाटेवरून व्हीलचेअरवर घ्यायचं होतं तेव्हा माझे हात थरथरायला लागले. खूप वाईट वाटलं. प्रॅक्टिसमध्ये पडण्याआधी नक्की काय हाताखालून जायला हवं?

फोंड्याची_ओटी:
अगं घाबरू नकोस, ट्रान्सफर (पेशंटला एका जागेवरून दुसरीकडे घेणं) हाताला बसावा लागतो. हॉस्टेलवर मैत्रिणीला रोज 10 वेळा उठव-बसव कर. ब्रेक लावलेत का, फूटरेस्ट बाजूला केलेत का, पावलं जमिनीला टेकलीत का आणि पेशंट पुढे वाकलाय का, हे न बोलता डोळ्यांनी बघायची सवय लागली पाहिजे.
दुसरं म्हणजे माणसाचा दिवस विचारायला शीक. माझ्याकडे म्हार्दोळच्या बाजूची एक आजी होती, स्ट्रोकनंतर उजवा हात लुळा. व्यायामाचे शंकूसारखे कोन एकावर एक ठेवायला दिले की तोंड फिरवायची. शेवटी विचारलं, सकाळीं उठून तुमी पयलीं कितें करतात? म्हणाली, देवाक फाती, म्हणजे देवासाठी फुलांची वेणी. दुसऱ्या दिवशी आबोली आणि धागा घेऊन गेले, तिने धाग्याचं टोक दातांत धरलं, डाव्या हाताने फूल लावलं आणि उजव्या हाताची दोन बोटं आपोआप देठाला टेकवली, पहिल्यांदाच! त्या दिवशी 4 फुलंच झाली पण तिथून तो हात कामाला लागला.
आणि घर बघून ये. आपल्याकडे जुन्या घरांना पायऱ्या उंच, न्हाणीघर मागे. दीड फूट चढायचं तर 1:12 च्या (1 फूट चढायला 12 फूट लांबी) हिशेबाने 18 फुटांचा रॅम्प लागतो, अंगणात तेवढी जागा आहे का ते कागदावर कळत नाही.

पेडण्याचा_बाबू:
मी ओटी नाही, पेशंटचा मुलगा. बाबांना पॅरालिसिस झाला, डिस्चार्जच्या वेळी आम्हाला कोणी काही दाखवलं नाही, आम्ही लुळा हात धरूनच त्यांना उठवत राहिलो आणि खांदा असा दुखायला लागला की रात्रभर झोप नाही. नंतर एक ओटी ताई घरी आल्या, त्यांनी शर्ट आधी लुळ्या हातात घालायला आणि काढताना तो हात शेवटी काढायला शिकवलं. नुसतं सांगितलं नाही, आईकडून समोर 3 वेळा करून घेतलं. तू पण घरच्यांकडून असंच करून घे प्लीज.

हँड_स्प्लिंटवाली:
वरचं सगळं पटलं. स्प्लिंट (हाताला आधार द्यायला प्लास्टिक गरम करून बनवलेली पट्टी) दिलास की पेशंटला लगेच घरी पाठवू नको, अर्धा तास घालून बसव, मग काढून त्वचा बघ. लाल डाग 20 मिनिटांत गेला नाही तर तिथे दाबतोय, गरम करून मोकळा कर.

साखळीकर_मुलगी:
ताई, बाबूदादा, मनापासून थँक्यू. ते आजोबा अजून वॉर्डातच आहेत, उद्या आधी त्यांचा दिवस विचारते.